हेलिकॉप्टरखालून पुणे का सरकत नाही? विज्ञानावरच्या वादातून भौतिकशास्त्र शिकण्याची एक रीत

"पृथ्वी ताशी दीड हजार किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने पूर्वेकडे फिरते म्हणता, मग पुण्यावर हेलिकॉप्टर हवेत एका जागी उभे ठेवले, तर काही मिनिटांनी त्याच्याखाली मुंबई का येत नाही?" हा प्रश्न नातेवाइकांच्या, सोसायटीच्या किंवा जुन्या वर्गमित्रांच्या गटात वर्षाकाठी एकदा तरी येतोच, आणि बहुधा रात्रीची जेवणे आटोपल्यावर येतो. पहिल्या दहा मिनिटांत पाच-सहा जण 'गुरुत्वाकर्षण' एवढा एकच शब्द लिहून मोकळे होतात, कोणीतरी 'वातावरणही सोबत फिरते' असे सांगतो, कोणी विचारणाऱ्याला दहावीचे पुस्तक उघडण्याचा सल्ला देतो आणि साडेअकराच्या सुमारास विषय पृथ्वीवरून घसरून कोणाला किती अक्कल आहे यावर येऊन ठेपतो. सकाळी गटात पुन्हा सुप्रभाताची फुले असतात आणि कोणाच्याही ज्ञानात भर पडलेली नसते.

मला हा फार मोठा अपव्यय वाटतो, कारण त्या एका प्रश्नात यामिकीचा (मेकॅनिक्सचा) निदान एका सत्राचा अभ्यास दडलेला आहे. दहावी किंवा बारावीनंतर भौतिकशास्त्र सुटले, पण असा वाद निघाला की ज्यांचा हात आपोआप मोबाइलकडे जातो, अशा वाचकांसाठी हे मार्गदर्शन आहे. रीत समजावण्यासाठी शेवटपर्यंत हाच हेलिकॉप्टरचा प्रश्न हाती धरला आहे. ती एकदा अंगवळणी पडली की प्रेशर कुकरपासून अंतराळ स्थानकापर्यंत कोणत्याही प्रश्नाला लावता येते.

उत्तर आधी कागदावर लिहावे

प्रश्न वाचल्यावर गटात काहीही लिहिण्यापूर्वी एक कागद घ्यावा आणि त्यावर आपले उत्तर दोन वाक्यांत, तारखेसह लिहावे. उत्तर चुकीचे असण्याची शक्यता असली तरी लिहावे. किंबहुना तेव्हा तर नक्कीच लिहावे. याचे कारण असे की इतरांची उत्तरे वाचल्यानंतर आपल्याला 'हे तर मला ठाऊकच होते' असे वाटू लागते, आणि मूळचा गैरसमज कोठे होता हे आपले आपल्यालाच सापडत नाही.

या साध्या कृतीमागे अनुभवाचा आधार आहे. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांना १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस असे आढळले की आकडेमोडीची अवघड उदाहरणे सोडवणारे त्यांचे विद्यार्थी न्यूटनच्या नियमांवरच्या अगदी साध्या, आकडे नसलेल्या प्रश्नांत अडखळतात. तेव्हा त्यांनी वर्गात एक पद्धत सुरू केली: प्रश्न दाखवायचा, प्रत्येकाने आपले उत्तर आधी नोंदवायचे, मग वेगळे उत्तर असलेल्या शेजाऱ्याला ते पटवून देण्याचा प्रयत्न करायचा आणि त्यानंतर पुन्हा उत्तर नोंदवायचे. म्हणजे वाद हेच शिकण्याचे साधन झाले, पण अट एक होती, ती ही की वादात उतरण्यापूर्वी प्रत्येकाची बाजू नोंदलेली असे. आपल्या रात्रीच्या वादांत नेमकी हीच अट पाळली जात नाही, त्यामुळे प्रत्येक जण बोलता बोलता आपली बाजू बदलत जातो आणि शेवटी सगळेच जिंकलेले असतात.

भांडण कोणत्या शब्दावर आहे ते शोधावे

हेलिकॉप्टरच्या प्रश्नातला कळीचा शब्द 'एका जागी' हा आहे. एका जागी म्हणजे कशाच्या संदर्भात? वैमानिकाच्या दृष्टीने एका जागी म्हणजे खालच्या मैदानाच्या नेमके वर. प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात मात्र एका जागी म्हणजे पृथ्वीच्या फिरण्यापासून अलिप्त असे, अवकाशात खुंटीला टांगल्यासारखे काहीतरी असते. दोघे एकच शब्द वापरतात, पण दोन वेगळ्या संदर्भ चौकटींतून बोलतात. ही संदर्भ चौकट उघड करून घेतल्याशिवाय पुढचे सर्व बोलणे व्यर्थ जाते. म्हणून वादातले आपले पहिले वाक्य उत्तराचे नसून चौकशीचे असावे: "एका जागी म्हणजे जमिनीच्या संदर्भात म्हणता, की पृथ्वीच्या अक्षाच्या संदर्भात?"

मराठीत ही खबरदारी जरा अधिकच घ्यावी लागते, कारण रोजच्या बोलण्यात आपण बल, जोर, ताकद, शक्ती आणि ऊर्जा हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो, आणि पाठ्यपुस्तकात मात्र बल, शक्ती व ऊर्जा या तीन अगदी वेगळ्या राशी असतात, ज्यांची एककेही अनुक्रमे न्यूटन, वॅट आणि ज्यूल अशी वेगवेगळी आहेत. 'चाल' आणि 'वेग' यांचेही तसेच: चालीला दिशा नसते, वेगाला असते. वजन आपण किलोत सांगतो, पण किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक आहे आणि भौतिकशास्त्रात वजन हे बल असते. 'आज उष्णता फार आहे' असे म्हणणारा माणूस तापमानाबद्दल बोलत असतो. बोलीतल्या या वापरात चूक काहीच नाही, बोली अशीच असते. पण 'चंद्रावर वजन कमी होते' या वाक्यावर पेटलेली अर्ध्या तासाची वादावादी कित्येकदा केवळ वजन आणि वस्तुमान यांच्या गोंधळातून आलेली असते. अशा वेळी एककाची विचारणा करावी. एकक विचारताच कोणती राशी अभिप्रेत आहे ते बहुधा स्पष्ट होते.

विरोधी मताला आकडे घालून पाहावे

पुढचे काम माझ्या मते सर्वांत आनंदाचे आहे आणि सर्वांत कमी केले जाणारेही. विरोधी मत खोडण्याची घाई न करता ते क्षणभर खरे मानावे आणि त्यातून काय घडायला हवे याचा हिशेब करावा.

विषुववृत्तावर पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,०७५ किलोमीटर आहे. पुणे सुमारे साडेअठरा उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे तेथील अक्षवृत्त लहान, म्हणजे ४०,०७५ गुणिले साडेअठरा अंशांची कोज्या (कोसाइन), इतके असते. ही कोज्या सुमारे ०.९४८ असल्याने परीघ ३८,००० किलोमीटरच्या आसपास येतो. त्याला चोवीस तासांनी भागले की पुण्याची जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ४४० मीटर या वेगाने पूर्वेकडे जात आहे असे मिळते. आता जमीन पूर्वेकडे निघून गेली तर हेलिकॉप्टरखाली पश्चिमेकडचा प्रदेश येईल, इथपर्यंत प्रश्नकर्त्याचे म्हणणे तर्कशुद्ध आहे. मात्र नकाशा पाहिला तर मुंबई पुण्याच्या वायव्येला आहे. पुण्याच्या अक्षांशावर सरळ पश्चिमेला गेल्यास रेवदंडा लागते. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. तेव्हा प्रश्नकर्त्याच्या मताप्रमाणे हेलिकॉप्टरखाली रेवदंड्याची खाडी यायला हवी, आणि तीही चार मिनिटांच्या आत.

हा हिशेब गटात मांडला की वादाचा सूर बदलतो, असा माझा अनुभव आहे. प्रश्नकर्त्याची टिंगल झालेली नसते, त्याच्या कल्पनेला कोणीतरी गांभीर्याने घेऊन मुक्कामापर्यंत पोहोचवलेले असते. आणि हा परिणाम इतका मोठा आहे की तो कोणाच्या नजरेतून सुटणे शक्य नाही, हे त्यालाही आता दिसते. सेकंदाला ४४० मीटर जमीन सरकत असती, तर हेलिकॉप्टरची गरजच नव्हती. अंगणात उडी मारणारे मूल दोन गल्ल्या पलीकडे पडले असते.

प्रश्नाला मूर्ख म्हणू नये. तो वराहमिहिरानेही विचारला आहे

आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास लिहिलेल्या 'आर्यभटीया'त म्हटले आहे की नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू जशा मागे जाताना दिसतात, तसे लंकेवरून, म्हणजे विषुववृत्तावरून, स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. त्यानंतरच्या शतकात वराहमिहिराने 'पंचसिद्धांतिके'त पृथ्वी फिरते या मतावर आक्षेप घेतला: तसे असते, तर आकाशात उडालेले ससाणे आणि इतर पक्षी आपल्या घरट्याकडे परत येऊ शकले नसते. पुण्यावरचे हेलिकॉप्टर म्हणजे वराहमिहिराचा ससाणाच आहे, फक्त पंख्याचा.

वादाच्या वेळी ही माहिती हाताशी असणे फार उपयोगाचे ठरते. आपल्याकडे असा प्रश्न बहुधा काकांनी, मामांनी किंवा निवृत्त शेजाऱ्यांनी विचारलेला असतो, आणि पंचविशीतला पुतण्या जेव्हा 'काका, एवढेही माहीत नाही?' असे लिहितो तेव्हा काकांना विज्ञान समजावून घेण्यापेक्षा घरातले स्थान राखणे अधिक महत्त्वाचे वाटू लागते, यात नवल नाही. त्याऐवजी "काका, तुमचा आक्षेप वराहमिहिराने घेतला होता आणि त्याला समाधानकारक उत्तर मिळायला हजार वर्षांहून अधिक काळ लागला" असे लिहावे. ते खरेही आहे. गॅलिलिओने १६३२ साली प्रसिद्ध केलेल्या संवादग्रंथात बंद जहाजाच्या तळमजल्यावरील खोलीचे उदाहरण घेतले: जहाज संथ, एकसारख्या वेगाने चालले असताना खोलीतली फुलपाखरे सर्व दिशांना सारखीच उडतात आणि टांगलेल्या भांड्यातले पाण्याचे थेंब खालच्या भांड्यातच पडतात, त्यामुळे आतल्या माणसाला जहाज उभे आहे की चालले आहे हे सांगता येत नाही. वेग टिकवण्यासाठी बल लागत नाही, तो बदलण्यासाठी लागते, ही जडत्वाची कल्पना त्यामागे आहे. आणि ती सामान्य अनुभवाच्या इतकी विरुद्ध आहे की ती न सुचणे हे मंदबुद्धीचे लक्षण मानता येत नाही.

दोन स्पष्टीकरणांना वेगळे करणारा प्रयोग निवडावा

आता गटातल्या 'बरोबर' बाजूकडे वळावे लागेल, कारण तिचेही उत्तर बहुधा अर्धेच बरोबर असते. हेलिकॉप्टर मागे का पडत नाही, याची दोन उत्तरे ऐकू येतात. एक जण म्हणतो, जमिनीवरून उडतानाच त्याच्या अंगी पूर्वेकडचा ४४० मीटरचा वेग असतो आणि तो तसाच राहतो. दुसरा म्हणतो, वातावरण पृथ्वीबरोबर फिरते आणि हेलिकॉप्टरला सोबत नेते. दोघेही एकाच निष्कर्षावर येत असल्याने आपापसांत वाद घालत नाहीत, हीच अडचण आहे. या दोघांत निवाडा करायचा, तर जेथे दोन्ही स्पष्टीकरणे वेगवेगळे भाकीत करतात असा प्रसंग शोधायला हवा.

एसटीत बसून नाणे उडवण्याचा प्रयोग सर्वांना सुचतो. गाडी सरळ रस्त्यावर एकसारख्या वेगाने चालली असेल तर नाणे हातातच परत येते, आणि नाणे हवेत असताना चालकाने ब्रेक लावला तर ते पुढे जाते. प्रयोग अवश्य करावा, पण तो येथे निर्णायक नाही, कारण खिडक्या बंद असलेल्या गाडीत हवाही गाडीबरोबर जात असते. फ्रान्समधील प्येर गासेंदी याने १६४० साली वल्ह्यांनी वेगात चाललेल्या जहाजाच्या डोलकाठीवरून दगड सोडले आणि ते काठीच्या पायथ्याशीच पडले. तेथे हवा उघडी होती, त्यामुळे तो पुरावा अधिक बळकट आहे.

सर्वांत स्वच्छ पुरावा मात्र हवा मुळीच नसलेल्या ठिकाणचा. चंद्रही स्वतःभोवती फिरतो, २७.३ दिवसांत एकदा. त्याचा विषुववृत्तीय परीघ सुमारे १०,९२० किलोमीटर आहे, म्हणून तेथील जमिनीचा वेग सेकंदाला सुमारे ४.६ मीटर येतो. १९७२ साली अपोलो १६ मोहिमेत जॉन यंग यांनी ध्वजाला सलाम करताना मारलेली उडी चित्रित झालेली आहे, आणि त्या उडीत ते सुमारे दीड सेकंद जमिनीपासून वर होते. जडत्व नसते आणि सारे काम हवेचेच असते, तर हवाविरहित चंद्रावर जमीन तेवढ्या वेळात त्यांच्या पायांखालून सहा-सात मीटर सरकली असती. ते उतरले त्याच जागी. म्हणजे मूळ कारण जडत्व हे आहे. हवेचा वाटा वेगळा: पृथ्वीवरची हवा जमिनीसोबत फिरत नसती तर हेलिकॉप्टरला ताशी १,५८० किलोमीटरचा वारा सोसावा लागला असता आणि तो वारा त्याला हळूहळू मागे ओढत गेला असता.

येथपर्यंत आल्यावर मूळ प्रश्नाचे नेमके उत्तर देता येते, आणि ते 'तुम्ही चुकता' असे नसते. पृथ्वीच्या अक्षाच्या संदर्भात हेलिकॉप्टर खरोखरच उभे ठेवले, तर रेवदंडा खाली येईलच; पण तसे उभे ठेवण्यासाठी त्याला जमिनीच्या संदर्भात पश्चिमेकडे ताशी १,५८० किलोमीटर, म्हणजे ध्वनीपेक्षा अधिक वेगाने उडावे लागेल, आणि कोणत्याही हेलिकॉप्टरला ते जमत नाही.

आपल्या उत्तरातली फट आपणच दाखवावी

भौतिकशास्त्र खऱ्या अर्थाने येथे सुरू होते. 'वस्तू त्याच जागी पडते' हे आपले उत्तर पूर्णपणे अचूक आहे का? नाही. १०० मीटर उंच मनोऱ्याचे टोक पायथ्यापेक्षा पृथ्वीच्या अक्षापासून अधिक दूर असते, म्हणून ते किंचित अधिक वेगाने पूर्वेकडे जात असते. तेथून सोडलेला दगड तो जादा वेग घेऊन खाली येतो आणि पायथ्याच्या थोडा पूर्वेला पडतो. पुण्याच्या अक्षांशावर हे विचलन सुमारे २ सेंटीमीटर येते. वराहमिहिराला वाटले त्याच्या उलट दिशेला, म्हणजे पुढे, हे विशेष!

फर्डिनांड राइश याने १८३१ साली जर्मनीतील फ्रायबर्ग येथील खाणीच्या १५८ मीटर खोल विहिरीत गोळ्या टाकून हे विचलन मोजले आणि त्याला सरासरी सुमारे २८ मिलिमीटर पूर्वेकडे आढळले, जे सिद्धांताशी जुळते. ज्यांना हिशेब करून पाहायचा असेल त्यांनी तो दोनदा करावा. प्रथम केवळ जादा वेग गुणिले पडण्याचा काळ असा गुणाकार केला तर पुण्यासाठी सुमारे ३ सेंटीमीटर उत्तर येते. खरे उत्तर याच्या दोन-तृतीयांश आहे, कारण दगड पूर्वेकडे सरकत असताना त्याच्यावरील गुरुत्वाकर्षणाची दिशाही पृथ्वीच्या केंद्राकडे वळत जाते आणि त्याला किंचित मागे खेचते. ३ आणि २ यांच्यातला हा फरक स्वतःला समजेपर्यंत कागद सोडू नये. मला स्वतःला त्यासाठी तीन संध्याकाळी लागल्या होत्या, आणि त्या काळात गटातला विषय केव्हाच लग्नपत्रिकांवर गेला होता.

वाद बुद्धीवर घसरला तर

'फिजिक्स हे हुशारांचे काम आहे' हे वाक्य दोन प्रकारची माणसे उच्चारतात: ज्यांनी तो विषय सोडला ती, आणि ज्यांना तो येतो असे दाखवायचे असते ती. पाठोपाठ बुद्ध्यंकाचे (आयक्यूचे) आकडे येतात, आणि आइन्स्टाइनचा बुद्ध्यंक १६० होता हे वाक्य तर ठरलेलेच. आइन्स्टाइन यांनी अशी चाचणी कधी दिल्याची नोंद नाही.

अशा वेळी चाचणीचा इतिहास माहीत असावा. आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये पहिली उपयुक्त बुद्धिमापन चाचणी तयार केली ती प्रतिभावंत निवडण्यासाठी नव्हे. शाळेत ज्या मुलांना जादा मदतीची गरज आहे ती ओळखता यावीत म्हणून. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात कन्नड आणि मराठी मुलांसाठी तिचे रूपांतर केले, आणि बिने-कामत चाचणी या नावाने ती अजूनही मुलांच्या तपासणीसाठी वापरात आहे. प्रतिभा हेरण्यासाठी तिचा वापर करण्याचा मोठा प्रयत्न अमेरिकेत लुइस टर्मन यांनी १९२१ पासून केला: त्यांनी कॅलिफोर्नियातील शाळांतून उच्च बुद्ध्यंकाची सुमारे दीड हजार मुले निवडून त्यांच्या आयुष्याचा दीर्घकाळ मागोवा घेतला. त्या चाळणीतून गळलेल्या मुलांत विल्यम शॉक्ली आणि लुइस अल्वारेझ हे दोघे होते. दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, शॉक्ली यांना १९५६ मध्ये आणि अल्वारेझ यांना १९६८ मध्ये. उत्तरायुष्यात याच शॉक्ली यांनी बुद्ध्यंकावरून मानवसमूहांची प्रतवारी करण्याचा हिरिरीने पुरस्कार केला आणि त्यासाठी टीकाही ओढवून घेतली. ज्या मापाने आपल्यालाच अपुरे ठरवले त्यावर माणूस इतका विश्वास कसा ठेवू शकतो, हे कोडे मला दगडाच्या विचलनापेक्षा अवघड वाटते.

यावरून बुद्धिमत्तेतले फरक खोटे आहेत, असे सिद्ध होत नाही आणि तसा दावा करूही नये. चाचण्या काहीतरी मोजतात आणि शालेय यशाशी त्याचा संबंध आढळतो. मात्र आपल्यासमोरचा प्रश्न वेगळा आहे: मी भौतिकशास्त्र शिकायला बसावे की नाही? त्यासाठी बुद्ध्यंकापेक्षा शिकण्याच्या पद्धतीचा पुरावा अधिक कामाचा आहे. रिचर्ड हेक यांनी १९९८ साली अमेरिकेतील ६२ अभ्यासक्रमांतील ६,५४२ विद्यार्थ्यांच्या आधीच्या व नंतरच्या चाचण्यांची तुलना प्रसिद्ध केली. सुरुवातीला जितके गुण कमी पडले होते, त्यांपैकी केवळ व्याख्याने ऐकणाऱ्या वर्गांनी सरासरी २३ टक्के भरून काढले, तर चर्चा आणि कृती करत शिकणाऱ्या वर्गांनी ४८ टक्के. वादात कोणी बुद्धीचा विषय काढलाच, तर हे दोन आकडे सांगावेत आणि पुन्हा हेलिकॉप्टरकडे वळावे; त्या विषयावर रात्र घालवू नये.

अभ्यास प्रत्यक्ष कसा करावा

आठवड्यातून चार दिवस, पाऊण पाऊण तास, एवढा वेळ नोकरी सांभाळून निघतो असे गृहीत धरतो. एनसीईआरटीचे अकरावीचे भौतिकशास्त्राचे पुस्तक संकेतस्थळावर मोफत मिळते. शालेय विज्ञान मराठीतून उजळायचे असेल तर बालभारतीची नववी-दहावीची पुस्तकेही तशीच मिळतात. सुरुवात एककांपासून करून गती आणि न्यूटनचे नियम यांपर्यंत सरळ क्रमाने जावे. सापेक्षता आणि क्वांटमचे व्हिडिओ पाहण्याचा मोह होईल; ते जेवताना पाहावेत, पण अभ्यासाच्या वेळात धरू नयेत. चांगला व्हिडिओ संपताना सारे समजल्यासारखे वाटते, आणि पडदा बंद करून तीच मांडणी कोऱ्या कागदावर करायला घेतली की तिसऱ्या ओळीवर हात थांबतो.

गणिताची धास्ती बहुतेकांना असते, तरी या टप्प्यावर बीजगणित, त्रिकोणमिती आणि आलेख वाचता येणे एवढेच पुरते. कलनशास्त्र (कॅल्क्युलस) गरज पडेल तेथे, त्या उदाहरणापुरते शिकावे.

सोडवलेले उदाहरण वाचताना उत्तर कागदाने झाकावे, आकृती काढावी, वस्तूवरची सर्व बले बाणांनी दाखवावीत आणि निदान वीस मिनिटे स्वतः झटावे. उत्तर आले की प्रथम एकके जुळतात का ते पाहावे, मग आकडा व्यवहाराला धरून आहे का ते पाहावे. सायकलचा वेग सेकंदाला ३०० मीटर आला तर चूक पुस्तकात नसते. प्रत्येक उदाहरणाखाली ते कोणत्या तत्त्वावर सुटले ते एका ओळीत लिहावे. १९८१ साली मिशेलिन ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की भौतिकशास्त्राची उदाहरणे गटांत लावायला सांगितली, तर नवशिके 'उतरणीची', 'कप्पीची' असे गट करतात आणि तज्ज्ञ 'ऊर्जेच्या अक्षय्यतेची', 'न्यूटनच्या दुसऱ्या नियमाची' असे. बाहेरून ज्याला आपण तल्लख बुद्धी म्हणतो त्यातला बराच भाग ही अशी लावलेली मांडणी असते, आणि उदाहरणाखालची ती एक ओळ महिनोन्महिने लिहीत गेले की ती आपल्यालाही जमू लागते.

याशिवाय एक चुकांची वही ठेवावी. तिच्या डाव्या पानावर वादाच्या दिवशी लिहिलेले पहिले उत्तर चिकटवावे आणि उजव्या पानावर आज आपण काय लिहू ते लिहावे. पारिभाषिक शब्द दोन्ही भाषांत लिहावेत, मोमेंटम म्हणजे संवेग, ॲक्सेलरेशन म्हणजे त्वरण याप्रमाणे, म्हणजे मराठीतून समजलेले इंग्रजी पुस्तकात ओळखता येते आणि काकांना सांगताना पुन्हा मराठीत आणता येते. वर्षभरानंतर हात बसला असे वाटले तर मुंबईत मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने प्रसिद्ध केलेल्या ऑलिंपियाडच्या जुन्या प्रश्नपत्रिका काढून बघाव्यात. एका प्रश्नाला एक आठवडा लागला तरी बिघडत नाही.

वादात आपण चुकलो असे वहीतून दिसले, तर ते गटात लिहून टाकावे, आणि लांबण न लावता: "परवा मी वातावरणामुळे असे म्हटले होते, ते अपुरे होते, चंद्रावरच्या उडीचा विचार केल्यावर लक्षात आले." समोरचा मात्र तिसऱ्यांदा तेच वाक्य, आकडा न देता लिहीत असेल, तर नमस्कार करून उठावे.

पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत फुकोचा लंबक, म्हणजे पृथ्वी फिरत असल्याने ज्याच्या झोक्याची दिशा हळूहळू वळताना दिसते असा लंबक, टांगलेला आहे, आणि तेथील अंगणात आर्यभट व गॅलिलिओ यांचे पुतळेही आहेत. काकांना घेऊन तेथे जाणे जमले तर जाण्यापूर्वी घरीच एक भाकीत कागदावर लिहून घ्यावे: लंबकाच्या झोक्याचे प्रतल ध्रुवावर तासाला १५ अंश वळले असते, आणि पुण्यात ते १५ गुणिले साडेअठरा अंशांची ज्या (साइन), म्हणजे तासाला सुमारे पावणेपाच अंश वळेल, तेही घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. तेथे पोहोचल्यावर झोक्याची दिशा टिपून ठेवावी, आवारात तासभर फिरावे, चहा घ्यावा आणि परत येऊन किती अंश फिरले ते मोजावे.